गिरणीगाव, ध्वनिमुद्रिका आणि वर्णरेषा : स्पार्टनबर्गच्या संगीतकारांची कंट्री व सदर्न रॉकमधील वाटचाल

प्रास्ताविक

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील लोकसंगीतातून विसाव्या शतकात जे व्यावसायिक संगीतप्रकार उदयास आले, त्यांत ‘कंट्री’ आणि ‘सदर्न रॉक’ हे दोन प्रकार विशेष महत्त्वाचे मानले जातात. फिडल, बँजो आणि गिटार यांच्या साथीने गायिले जाणारे, ग्रामीण व श्रमिक गोऱ्या समाजाचे म्हणून बाजारात ओळखले गेलेले संगीत म्हणजे कंट्री. ब्लूज, गॉस्पेल, कंट्री आणि जॅझ यांचे मिश्रण विद्युत-गिटारच्या दीर्घ वादनातून मांडणारा, १९६९ नंतरच्या दशकात बहरलेला प्रकार म्हणजे सदर्न रॉक. या दोन्ही प्रकारांचा इतिहास बहुधा थोर कलावंतांच्या चरित्रांच्या अंगाने लिहिला जातो. त्यात एक गृहीतक असे असते की, प्रदेशाच्या मातीतून संगीत उगवते, गुणवान कलावंत ते उचलतो आणि त्याची कीर्ती देशभर पसरते.

प्रस्तुत लेखात हे गृहीतक एका मध्यम आकाराच्या शहराच्या संदर्भात तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ते शहर म्हणजे साउथ कॅरोलिना राज्यातील स्पार्टनबर्ग. या शहराने व त्याच्या आसपासच्या परिसराने ब्लूजगायक पिंक अँडरसन, नॅशव्हिलचा नामांकित गिटारवादक हँक गार्लंड, ‘मार्शल टकर बँड’ हा वाद्यवृंद आणि कंट्री गायक डेव्हिड बॉल असे परस्परांहून अगदी भिन्न नशिबाचे संगीतकार घडविले. त्यांना संगीताचे शिक्षण साधारणतः एकाच परिसरात मिळाले. मात्र त्या शिक्षणाची कारकीर्द होण्यासाठी लागणाऱ्या वाटा सर्वांना सारख्या खुल्या नव्हत्या. प्रदेश कलावंत घडवितो, परंतु कारकीर्द घडविण्याचे काम नभोवाणी, ध्वनिमुद्रिका कंपन्या आणि ध्वनिमुद्रणगृहे करतात. दक्षिणेत या संस्थांनी कलावंतांची विभागणी त्यांच्या सुरांपेक्षा त्यांच्या वर्णावरून केली, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

शहर, गिरण्या आणि १९१५ चा कायदा

स्पार्टनबर्ग हे अनेक लोहमार्गांच्या संगमावर वसलेले शहर असल्याने त्याला ‘हब सिटी’, म्हणजे चाकाच्या तुंब्यासारखे मध्यवर्ती शहर, असे नाव पडले. १८८० नंतर त्याच्या आसपास क्लिफ्टन, पॅकोलेट यांसारख्या ठिकाणी नद्यांच्या काठी कापडगिरण्या उभ्या राहिल्या. पीडमाँटच्या पठारावरील कर्जबाजारी कुळे आणि अपालाचियन पर्वतराजीतील अल्पभूधारक कुटुंबे गिरणीमालकांनी बांधलेल्या वसाहतींत राहावयास आली. येताना त्यांनी डोंगरातील फिडल, बँजो, जुनी कथागीते आणि चर्चमधील सामूहिक गायन बरोबर आणले. गिरणीगावांत वाद्यवृंदांनाही स्थान होते. याच राज्यातील कर्शॉ या गिरणीगावात वाढलेल्या आर्थर स्मिथ या गिटारवादकाचे वडील स्वतः गिरणी कामगार होते आणि गावातील वाद्यवृंदाचे संचालनही करीत.

गिरणीगावातील या सांगीतिक जीवनाला एक कठोर मर्यादा होती. १९१५ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने कापडगिरण्यांपुरता एक कायदा केला. त्यानुसार भिन्न वंशांच्या कामगारांना एकाच खोलीत काम करण्यास, तसेच एकाच वेळी तेच प्रवेशद्वार, तोच जिना, पगाराची तीच खिडकी किंवा पिण्याच्या पाण्याचे तेच भांडे वापरण्यास मनाई करण्यात आली. साफसफाई, ओझी वाहणे, भट्टी पेटविणे अशी कामे मात्र या बंदीतून वगळण्यात आली. परिणामी, यंत्रावरील नियमित वेतनाचे काम गोऱ्यांकडे आणि अंगमेहनतीचे दुय्यम काम कृष्णवर्णीयांकडे, ही विभागणी कायद्याने पक्की झाली. गिरण्यांची दारे कृष्णवर्णीय कामगारांना व्यापक प्रमाणावर उघडली, ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरच.

संगीताच्या इतिहासात या कायद्याचा उल्लेख सहसा आढळत नाही. तरीही तो येथे आवश्यक ठरतो. गिरणीची खोली कायद्याने विभागता आली, पण रस्ता, रेल्वेस्थानक आणि बाजार या जागा त्याच रीतीने विभागणे शक्य नव्हते. तेथे वाजणारे संगीत दोन्ही समाजांच्या कानांवर पडत होते. मूळ आफ्रिकी वंशाचा बँजो गोऱ्या डोंगराळ शेतकऱ्यांच्या हाती आला होता आणि युरोपीय वळणाची कथागीते कृष्णवर्णीय गायकांच्या मुखी रुळली होती. अशा रीतीने कामाच्या ठिकाणी दुभंगलेला समाज कानांनी मात्र जोडलेला होता. हा जोड पुढे ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाराने तोडला.

ध्वनिमुद्रिकांच्या दोन याद्या

१९२० मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या ‘ओके’ कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेला मोठे यश मिळाले आणि कृष्णवर्णीय ग्राहक ही एक स्वतंत्र बाजारपेठ आहे, हे कंपन्यांच्या ध्यानी आले. १९२३ मध्ये याच कंपनीच्या राल्फ पीअर यांनी अटलांटा येथे फिडलवादक जॉन कार्सन यांचे ध्वनिमुद्रण केले आणि ग्रामीण गोऱ्या श्रोत्यांचीही तशीच बाजारपेठ असल्याचे दिसून आले. त्यानंतर कंपन्यांनी दक्षिणेतील संगीताच्या दोन स्वतंत्र याद्या केल्या. एकीला ‘रेस’, म्हणजे वंशाची, आणि दुसरीला ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरी अडाण्यांची, असे नाव पडले. नावे बदलली तरी विभागणी टिकून राहिली. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने पहिल्या यादीला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ आणि दुसरीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असे संबोधण्यास सुरुवात केली.

कंट्री संगीताचा व्यावसायिक पाया ज्या प्रसंगाने घातला गेला असे मानले जाते, ती ब्रिस्टलची ध्वनिमुद्रणे २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या काळात टेनेसी व व्हर्जिनियाच्या सीमेवर पार पडली. आता ‘व्हिक्टर’ कंपनीसाठी काम करणाऱ्या पीअर यांनी तेथे कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली मुद्रणे केली. गीतांचे प्रकाशनहक्क हाच या व्यवसायातील खरा नफा आहे, हे पीअर यांनी ओळखले होते. कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर गावोगाव हिंडून गीते जमवीत, तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक अनेकदा त्यांच्याबरोबर असे. कार्टर शब्द टिपून घेत आणि रिडल चाल लक्षात ठेवीत. ध्वनिमुद्रिकांवर मात्र रिडल यांचे नाव आले नाही.

स्पार्टनबर्गच्या संदर्भात ही विभागणी सर्वांत स्पष्टपणे दिसते ती पिंक अँडरसन यांच्या जीवनात. १९०० मध्ये जन्मलेले अँडरसन किशोरवयातच डॉ. केर नामक औषधविक्रेत्याच्या फिरत्या खेळात सामील झाले. गावोगाव मुक्काम ठोकून गाणी, नाच आणि विनोद यांनी गर्दी जमवायची व मग काढे-गुटिका विकायच्या, असे या खेळांचे स्वरूप असे. समोर गोरे व काळे असे दोन्ही प्रेक्षक असल्याने गायकाला दोघांचीही आवड सांभाळावी लागे. अँडरसन यांनी सुमारे तीस वर्षे हे काम केले. स्पार्टनबर्ग येथील सिमी डूली या अंध गायकाकडून त्यांनी गिटारचे धडे घेतले आणि एप्रिल १९२८ मध्ये या दोघांची चार गीते ‘कोलंबिया’ कंपनीने अटलांटा येथे मुद्रित केली. त्यांपैकी एका गीताच्या शीर्षकात ‘सी. सी. अँड ओ.’ या लोहमार्गाचे नाव आहे. या लोहमार्गाचे दक्षिण टोक स्पार्टनबर्गलाच होते. गीत इतके स्थानिक असूनही ते ‘वंशाच्या’ यादीत गेले.

यानंतर अँडरसन यांची पुढील ध्वनिमुद्रणे थेट १९५० मध्ये झाली आणि १९६१ मध्ये सॅम्युएल चार्टर्स यांनी ‘प्रेस्टिज’ कंपनीच्या ‘ब्लूजव्हिल’ मालिकेसाठी त्यांचे विस्तृत मुद्रण केले. या मुद्रणांत ‘रेक ऑफ द ओल्ड ९७’ हे रेल्वे-अपघाताचे कथागीतही आहे. हेच गीत १९२४ मध्ये व्हर्नन डालहार्ट या गोऱ्या गायकाने ‘व्हिक्टर’साठी गायिले होते आणि कंट्री संगीताच्या पहिल्या प्रचंड खपाच्या ध्वनिमुद्रिकांत त्याची गणना होते. म्हणजे कंट्री म्हणून ज्या गीताने बाजार गाजविला, ते अँडरसन यांच्याही नित्याच्या भांडारात होते. असे असूनही त्यांना ‘कंट्री गायक’ म्हणण्याची सोय बाजाराच्या भाषेत नव्हती. १२ ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने आपल्या नावातील पहिला शब्द त्यांच्या नावावरून घेतला होता. नाव जगभर पोहोचले, पण त्याच्या मूळ धन्याला कारकीर्द लाभली नाही.

नभोवाणी आणि नॅशव्हिलची वाट

ध्वनिमुद्रिकांनंतरची दुसरी वाट होती नभोवाणीची. नॅशव्हिल येथील एका विमा कंपनीच्या ‘डब्ल्यूएसएम’ केंद्रावर नोव्हेंबर १९२५ मध्ये सुरू झालेला साप्ताहिक कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने कंट्री संगीताचे सर्वोच्च व्यासपीठ बनला. त्याच्या आरंभीच्या लोकप्रिय कलावंतांत डीफोर्ड बेली हे कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होते. १९४१ मध्ये त्यांना कार्यक्रमातून दूर करण्यात आले आणि त्यानंतर कित्येक दशके या व्यासपीठाचा चेहरा गोराच राहिला. बेली यांना ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले ते २००५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

स्पार्टनबर्ग येथेही १९३० मध्ये ‘डब्ल्यूएसपीए’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. गिरणीगावातील तरुणांना स्थानिक केंद्रावर वादनाची संधी मिळे आणि तेथून मोठ्या शहराचे केंद्र गाठता येई. आर्थर स्मिथ यांचा प्रवास याच मार्गाने झाला. स्पार्टनबर्गच्या केंद्रावरून ते पुढे नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट येथे गेले. १९४५ मध्ये मुद्रित झालेले त्यांचे ‘गिटार बूगी’ हे वादन कृष्णवर्णीय पियानोवादकांच्या बूगी शैलीवर आधारलेले होते. बाजाराने मात्र त्याला कंट्रीमध्ये गणले. पुढे त्यांनी शार्लटला स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह उभारले आणि तेथेच १९६५ मध्ये जेम्स ब्राऊन यांच्या एका युगप्रवर्तक गीताचे मुद्रण झाले.

स्मिथ यांच्या कारकिर्दीतील एक प्रसंग विशेष बोलका आहे. १९५५ मध्ये डॉन रेनो यांच्यासमवेत त्यांनी ‘फ्यूडिन बँजोज’ ही रचना मुद्रित केली होती. १९७२ च्या ‘डिलिव्हरन्स’ या चित्रपटात ती श्रेय न देता वापरली गेली आणि ‘ड्यूएलिंग बँजोज’ या नावाने १९७३ मध्ये बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. स्मिथ यांनी न्यायालयात दाद मागितली आणि ते जिंकले. प्रादेशिक कलावंत लुबाडला जातो हे खरे. पण ज्याच्याकडे नोंदविलेला हक्क, स्वतःचा व्यवसाय आणि वकील होता, त्याला न्यायाची वाट सापडली. १९२० च्या दशकात एकरकमी मोबदल्यावर गाऊन गेलेल्या, काळ्या व गोऱ्या, असंख्य कलावंतांकडे यांपैकी काहीच नव्हते.

स्पार्टनबर्ग परगण्यातील काउपेन्स येथे १९३० मध्ये जन्मलेले हँक गार्लंड वयाच्या सोळाव्या वर्षी नॅशव्हिलला स्थायिक झाले. १९४९ च्या ‘शुगरफूट रॅग’ने त्यांना नाव मिळवून दिले, परंतु त्यांचे खरे कार्य ध्वनिमुद्रणगृहातील साथीदार वादक म्हणून झाले. पॅट्सी क्लाइन आणि एल्व्हिस प्रेस्ली यांच्या अनेक प्रसिद्ध गीतांत त्यांची गिटार ऐकू येते. गिब्सन कंपनीच्या ‘बर्डलँड’ या गिटारच्या नावात बिली बर्ड यांच्याबरोबर त्यांच्याही नावाचा अंश आहे. नॅशव्हिलमध्ये साथीदारांना वादक संघटनेने ठरविलेल्या दराने तीन तासांच्या बैठकीचे वेतन मिळे. गीत कितीही गाजले तरी त्याच्या विक्रीतून वाटा मिळत नसे. गिरणीतील पाळी आणि ध्वनिमुद्रणगृहातील बैठक यांत हे साम्य आहे. श्रम कुशल असले तरी उत्पादनावर नाव दुसऱ्याचेच. १९६१ मध्ये गार्लंड यांची ‘जॅझ विंड्स फ्रॉम अ न्यू डायरेक्शन’ ही स्वतःची जॅझ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि कंट्रीच्या चौकटीबाहेरील त्यांची झेप दिसली. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोटार अपघातात त्यांना गंभीर दुखापत झाली आणि त्यांची कारकीर्द ऐन बहरात संपुष्टात आली. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मेकन, कॅप्रिकॉर्न आणि मार्शल टकर बँड

१९६० च्या दशकाअखेर स्पार्टनबर्गच्या तरुणांना एक तिसरी वाट उपलब्ध झाली. ती नॅशव्हिलकडे न जाता जॉर्जियातील मेकन या शहराकडे जाणारी होती. मेकन हे कृष्णवर्णीय संगीताचे महत्त्वाचे केंद्र होते. लिटल रिचर्ड यांचा जन्म तेथे झाला आणि ओटिस रेडिंग तेथेच वाढले. रेडिंग यांचे व्यवस्थापक फिल वॉल्डन हे गोरे तरुण होते. १० डिसेंबर १९६७ रोजी विमान अपघातात रेडिंग यांचा मृत्यू झाल्यानंतर वॉल्डन यांनी १९६९ मध्ये बंधू ॲलन वॉल्डन आणि फ्रँक फेंटर यांच्यासह ‘कॅप्रिकॉर्न’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी स्थापन केली. म्हणजे सदर्न रॉकची ही आद्य संस्था कृष्णवर्णीय सोल संगीताच्या व्यवसायातून उभी राहिली होती.

या कंपनीचा पहिला मोठा वाद्यवृंद म्हणजे ‘ऑलमन ब्रदर्स बँड’. १९६९ च्या मार्चमध्ये फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे तो आकारास आला आणि लवकरच मेकनला स्थायिक झाला. त्याचे गिटारवादक डुएन ऑलमन यांनी त्यापूर्वी अलाबामातील मसल शोल्स येथे विल्सन पिकेट यांच्यासारख्या कृष्णवर्णीय गायकांना साथ दिली होती. वाद्यवृंदातील जेमो या नावाने ओळखले जाणारे ड्रमवादक जॉनी जोहान्सन हे कृष्णवर्णीय असून ओटिस रेडिंग यांच्याबरोबर दौरे करून आले होते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फिलमोर ईस्ट’ येथील मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेने त्यांना देशव्यापी कीर्ती दिली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला डुएन आणि पुढील वर्षी ११ नोव्हेंबरला बासवादक बेरी ओकली, दोघेही मेकनमध्येच मोटारसायकलच्या अपघातांत मृत्युमुखी पडले. तरीही १९७३ मध्ये डिकी बेट्स यांचे कंट्री वळणाचे गीत बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. कंपनीला दक्षिणेतील आणखी वाद्यवृंदांचा शोध घेणे आता आर्थिकदृष्ट्या शक्य झाले.

या शोधात ‘वेट विली’ या सहवाद्यवृंदाच्या शिफारशीवरून कंपनीला स्पार्टनबर्गचे तरुण मिळाले. टॉय आणि टॉमी हे कॉल्डवेल बंधू, गायक डग ग्रे, गिटारवादक जॉर्ज मकॉर्कल, ड्रमवादक पॉल रिडल आणि बासरी व सॅक्सोफोन वाजविणारे जेरी यूबँक्स असे सहा जण त्यात होते. सरावाच्या जागेच्या किल्लीवर ‘मार्शल टकर’ हे नाव लिहिलेले होते, तेच त्यांनी वाद्यवृंदासाठी घेतले. प्रत्यक्षात हे नाव शहरातील एका अंध पियानो-जुळवणीकाराचे होते. टॉय कॉल्डवेल व्हिएतनाम युद्धात नौसैनिक दलात होते आणि १९६८ मध्ये जखमी झाले होते. इतरांपैकीही बहुतेकांनी लष्करी सेवा केली होती. औद्योगिक शहरातील श्रमिक व निम्न-मध्यमवर्गीय तरुणांची ही पिढी युद्धावरून परतून वाद्यांकडे वळली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

१९७३ मध्ये मेकन येथे पॉल हॉर्न्सबी यांच्या निर्मितीत त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका तयार झाली. टॉय कॉल्डवेल नखी न वापरता केवळ अंगठ्याने गिटारच्या तारा छेडीत. ही पद्धत त्यांनी वडिलांच्या पिढीतील कंट्री वादनातून उचलली होती. तिच्या जोडीला यूबँक्स यांची जॅझ वळणाची बासरी आल्याने हा वाद्यवृंद इतरांहून वेगळा ठरला. टॉय यांचे ‘कान्ट यू सी’ हे गीत वेलन जेनिंग्ज यांनी १९७६ मध्ये गायिले आणि ते कंट्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. १९७७ मध्ये वाद्यवृंदाचे स्वतःचे ‘हर्ड इट इन अ लव्ह साँग’ हे गीत सर्वसाधारण यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. एकाच शहरातील संगीतकारांनी रॉक आणि कंट्री या दोन्ही बाजारांत एकाच वेळी पाय रोवले.

या यशाच्या ऐन काळात, १९७४ मध्ये, त्याच शहरात पिंक अँडरसन यांचे निधन झाले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे योग्य होणार नाही. कॉल्डवेल बंधूंनी कोणाचे काही हिरावून घेतले असेही नाही. त्यांचे कष्ट व प्रतिभा दोन्ही खरी होती. तथापि ब्लूजवर आधारलेल्या संगीतासाठी स्पार्टनबर्गहून राष्ट्रीय बाजारापर्यंतची वाट जेव्हा प्रथमच सरळ झाली, तेव्हा त्या वाटेने गेलेले सहाही जण गोरे होते, या वस्तुस्थितीकडे इतिहासकाराला दुर्लक्ष करता येत नाही.

‘दक्षिणी’ या विशेषणाचा व्यापार

‘सदर्न रॉक’ हे नाव खुद्द संगीतकारांना फारसे मान्य नव्हते. रॉक संगीताचा जन्मच दक्षिणेत झाला असल्याने त्याला पुन्हा ‘दक्षिणी’ म्हणणे ही द्विरुक्ती आहे, असे मत ग्रेग ऑलमन यांनी मांडले होते. पण बाजाराला नाव हवे होते. १९७४ मध्ये चार्ली डॅनियल्स यांनी ‘द साउथ्स गॉना डू इट’ या गीतात दक्षिणेतील वाद्यवृंदांची नावेच गुंफली आणि एक सामूहिक ओळख जनमानसात रुजविली. जॅक्सनव्हिलच्या ‘लिनर्ड स्किनर्ड’ या वाद्यवृंदाच्या मंचावर यादवी युद्धातील गुलामगिरीसमर्थक राज्यांचा ध्वज झळकू लागला. ही कल्पना मुळात ध्वनिमुद्रिका कंपनीच्या प्रसिद्धी-योजनेतून आली, असे वाद्यवृंदाच्या सदस्यांनी पुढे सांगितले.

हा ध्वज निरुपद्रवी प्रादेशिक खूण नव्हता. साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनाच्या घुमटावर तो नागरी हक्क चळवळीच्या ऐन काळात, १९६० च्या दशकाच्या आरंभी चढविण्यात आला होता. २००० मध्ये तो घुमटावरून खाली आला, पण आवारात राहिला. जून २०१५ मध्ये चार्ल्सटन येथील चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यानंतर १० जुलै २०१५ रोजी तो आवारातूनही हटविण्यात आला. ज्या संगीताचा अर्धा वारसा कृष्णवर्णीय होता, त्याच्या विक्रीसाठी हे चिन्ह वापरले जाणे हा सदर्न रॉकमधील सर्वांत खोल अंतर्विरोध होय.

याच्या नेमकी उलट अशी दुसरी बाजूही आहे. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये ऑलमन ब्रदर्स बँडने जिमी कार्टर यांच्या अध्यक्षपदाच्या मोहिमेसाठी निधी उभारण्याकरिता प्रॉव्हिडन्स येथे मैफल केली. वंशभेदाच्या राजकारणापासून फारकत घेणाऱ्या ‘नव्या दक्षिणे’चे प्रतिनिधी म्हणून कार्टर यांच्याकडे पाहिले जात होते. तेव्हा या संगीताला एकच राजकीय रंग चिकटविणे अनैतिहासिक ठरेल. एकाच प्रादेशिक अभिमानातून दोन परस्परविरोधी राजकारणे उभी राहू शकतात, एवढे मात्र यावरून निश्चित म्हणता येते.

उतरण आणि नव्या वाटा

१९७९ मध्ये कॅप्रिकॉर्न कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मेकनची वाट बंद झाली. २८ एप्रिल १९८० रोजी टॉमी कॉल्डवेल यांचा मोटार अपघातानंतर मृत्यू झाला. टॉय यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात वाद्यवृंद सोडला आणि १९९३ मध्ये त्यांचेही निधन झाले. संस्था कोसळली की प्रादेशिक प्रतिभा लोप पावत नाही. तिला दुसरी संस्था शोधावी लागते. स्पार्टनबर्गच्याच ‘अंकल वॉल्ट्स बँड’ या त्रयीतील डेव्हिड बॉल, वॉल्टर हायट आणि चॅम्प हूड यांनी टेक्ससमधील ऑस्टिनची वाट धरली होती. त्यांपैकी बॉल पुढे नॅशव्हिलला गेले आणि १९९४ मध्ये त्यांचे ‘थिंकिन प्रॉब्लेम’ हे गीत कंट्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. हायट यांचा १९९६ च्या व्हॅल्यूजेट विमान अपघातात अंत झाला.

वर्णरेषेच्या संदर्भात याच राज्यातील चार्ल्सटनचे डेरियस रकर यांचे उदाहरण निर्णायक आहे. ‘हूटी अँड द ब्लोफिश’ या रॉक वाद्यवृंदाचे गायक म्हणून १९९४ नंतर प्रचंड यश मिळविल्यावर ते कंट्रीकडे वळले. २००८ मध्ये त्यांचे गीत कंट्रीच्या यादीत अग्रस्थानी गेले. एखाद्या कृष्णवर्णीय एकल गायकाला हे स्थान मिळण्याची १९८३ मधील चार्ली प्राइड यांच्यानंतरची ही पहिलीच वेळ होती. २०१२ मध्ये रकर ‘ग्रँड ओल ऑप्री’चे सदस्य झाले. बेली आणि प्राइड यांच्यानंतर हा मान मिळविणारे ते तिसरे कृष्णवर्णीय कलावंत होत. साउथ कॅरोलिनाच्या कृष्णवर्णीय गायकाला कंट्री गायक म्हणण्याची सोय बाजाराच्या भाषेत अखेर झाली, परंतु अँडरसन यांच्या अटलांटातील मुद्रणानंतर त्यासाठी ऐंशी वर्षे जावी लागली.

समारोप

स्पार्टनबर्गच्या या वाटचालीवरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, प्रादेशिक संगीत हे शुद्ध व एकजिनसी नसते. गिरणीगावातील गोरे फिडलवादक आणि औषधांच्या खेळातील कृष्णवर्णीय गायक एकाच ध्वनिविश्वात वावरत होते. दुसरा असा की, ‘कंट्री’ किंवा ‘सदर्न रॉक’ या संज्ञा प्रथमतः व्यापाराच्या सोयीसाठी रूढ झाल्या आणि नंतर लोकांनी त्या आपली ओळख म्हणून स्वीकारल्या. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, प्रदेशातून बाहेर नेणाऱ्या वाटा मोजक्या होत्या आणि त्यांच्या तोंडाशी वर्णरेषा आखलेली होती. गार्लंड यांना नॅशव्हिल आणि कॉल्डवेल बंधूंना मेकन सापडले. अँडरसन यांच्या वाट्याला मात्र फिरता खेळच आला.

प्रादेशिक कलेचा इतिहास लिहिताना यशस्वी कलावंतांची नामावळी तयार करणे सोपे असते, कारण ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी आणि व्यापारी साप्ताहिकांनी ती आधीच सिद्ध करून ठेवलेली असते. परंतु ती नामावळी म्हणजे प्रदेशाचा इतिहास नव्हे. ती बाजारपेठेने केलेली निवड आहे. प्रदेशाने ज्यांना घडविले पण वाटेने ज्यांना स्वीकारले नाही, त्यांची नोंद तिच्याशेजारी झाल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. सिमी डूली या अंध गायकाने स्पार्टनबर्गमध्ये दिलेले गिटारचे धडे आणि लेस्ली रिडल यांनी लक्षात ठेवलेल्या चाली यांची गणना कंट्री संगीताच्या पायाभरणीत व्हावयास हवी. त्यांच्यावाचून या इमारतीचा वरचा मजला कोणत्या आधारावर उभा आहे, हे सांगता येणार नाही.